बँकवाल्या पिक्चरचा शेवट

सावलीच्या बँकेसमोर सोमाजी उंदिरवाडे उभा असला की हा माणूस ड्यूटीवर आहे असं वाटायचंच नाही. गवंड्यानं आधी दाराशी याला रोवलं आणि मग याच्या मापानं भिंती घेतल्या, असं वाटायचं. खाकी सदरा, खाकी फुलपँट, गळ्यात शिट्टी, हातात दंडा, आणि भर दुपारीसुद्धा काखेत बॅटरी.

"दुपारी बॅटरी कायले गा, सोमाजी?" समोरच्या हॉटेलातून देवराव चहावाला ओरडायचा.

"अंधार काय सांगून येते?" सोमाजी मान न वळवता म्हणायचा.

त्याचा बाप बापूराव छप्पन साली चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला आणि आल्या दिवशीच मालगुजाराच्या घरी निरोप धाडला, की उद्यापासून तुमची ढोरं तुम्ही राखा. तेव्हापासून त्या घरात एकच मंत्र होता : राखायचंच आहे तर पगारावर राखा. पोरगं बँकेच्या दाराशी उभं राहिलं तेव्हा म्हातारा काठी टेकत पाहायला आला, अर्धा तास समोरच्या ओट्यावर बसला, आणि "खाकी शोभते बे तुले" एवढंच म्हणून गेला. त्या वर्षीच तो वारला. सोमाजीला ते वाक्य पुरलं.

अकरा वर्षं पुरलं. कारण दुसरं काही मिळालं नव्हतं. अकरा वर्षं सोमाजी रोजंदारीवरच होता. पण त्याच्याकडे किल्ली होती. आतल्या तिजोरीच्या किल्ल्या मॅनेजर आणि कॅशियरकडे. बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराची मात्र सोमाजीकडे. ती त्यानं करदोड्याला बांधलेली. आंघोळ करताना नाही, झोपताना नाही, तापात पडला तरी सुटली नाही. त्याची बायको बायनाबाई म्हणायची, "माह्यापेक्षा ते किल्लीच तुमच्या जवर असते." सोमाजी लाजायचा. त्याला ते खरंच वाटायचं.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत वरच्या ऑफिसातून कागद आला. दहा वर्षांच्या वर झालेल्या रोजंदारांना पक्कं करायचं. शाखेच्या मॅनेजरनं एकतीस मार्चच्या आत प्रत्येकाच्या वागणुकीबद्दल चार ओळी लिहून पाठवायच्या. मॅनेजर वामनरावसाहेब नागपूरकडचे. त्यांचं बोलणं धुवून इस्त्री केलेलं. ते म्हणाले, "सोमाजी, तुमच्याबद्दल काय लिहायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही म्हणजे ह्या शाखेचा दरवाजा."

सोमाजीनं घरी जाऊन हे वाक्य बायकोला साहेबांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. त्याला ते नीट जमलं नाही, पण बायनाबाईनं तीनदा म्हणायला लावलं.

आणि त्याच आठवड्यात बाजाराच्या पटांगणात तंबू लागला.

टुरिंग टॉकीजचा ठेकेदार एक, तंबू दोन. एक सावलीला, दुसरा पोंभुर्ण्याला, आणि पिक्चरची पेटी दोघांत मिळून एक. सावलीचे तीन दिवस झाले की रिळांचे डबे एसटीच्या टपावर चढायचे आणि मूल गावावरून पोंभुर्ण्याला उतरायचे. तिकडचे इकडे यायचे. सावलीच्या तंबूत मशीन चालवायचा पोचू. तो सिरोंच्याकडचा, मराठी बोलायचा ती तेलुगूच्या चालीवर, प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक पायरी चढून. "पिक्चरुऽ येकदम फस्टु! डाका पडतेऽ! बँकुऽ लुटतेऽ!" तो सायकलला भोंगा बांधून गावभर फिरला. पिक्चरचं नाव चांगलं लांबलचक हिंदी होतं, पण सावलीत ते कुणी घेतलं नाही. सगळ्यांच्या तोंडी 'बँकवाला पिक्चर'.

बँकवाला पिक्चर, म्हणजे बँकेच्या माणसांनी जायलाच पाहिजे. मॅनेजरसाहेब सहकुटुंब खुर्चीत. कॅशियर खुर्चीत. हवालदार फुकटच्या खुर्चीत. मिलवाले सेठ आपली खुर्ची घरून घेऊन. सोमाजी बायनाबाईला घेऊन जमिनीवर, पण सगळ्यांच्या मागं, तंबूच्या कडेला, कनात वीतभर वर उचलून. का, तर तिथून बँकेचं दार दिसायचं. पडद्यावर मोटारी उडत होत्या आणि हा माणूस दर दोन मिनिटांनी मान वळवून आपली खरी बँक पाहून घेत होता.

"पुढं पाहा ना जी," बायनाबाई म्हणाली. "पैसे भरले हायेत."

"पाहून राह्यलो ना, दोनी बँका."

पिक्चरमध्ये एका मोठ्या शहरातली बँक. भिंत न फोडता, कुलूप न तोडता रिकामी झालेली. आणि त्या बँकेचा वॉचमन. खाकी कपडे, तशाच मिशा, गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी. तो पडद्यावर आला आणि तंबूत हशा फुटला. "अबे सोमाजीऽ! मुंबईले कवा गेल्तास बे?" सोमाजीही हसला. त्याला तो वॉचमन आवडला होता. तो मध्येच एकदा बाकावर बसून बायकोनं दिलेला डबा खातो आणि डबा खातानाही दाराकडे बघतो, हे सोमाजीला फारच खरं वाटलं. "हा माणूस शिकवलेला नाई," तो कुजबुजला, "यानं खरी ड्यूटी केली असन."

शेवटी शेवटी पोलीस येतात, वॉचमनच्या झोपडीत नोटांची एक गड्डी सापडते, त्याला बेड्या घालतात. तो ओरडतो, "साब, मैं बेकसूर हूँ!" आणि इथं मशीन थांबलं. अंधार. शिट्ट्या. खुर्च्या आपटल्या. मग पडदा उजळला तर त्यावर एक तळं, तळ्यात एक होडी, मावळता सूर्य, आणि वर 'समाप्त'.

आता झालं होतं असं, की शेवटच्या दोन रिळांचा डबा मूलच्या स्टँडवर पोंभुर्ण्याच्या सामानाबरोबर उतरला होता. हे पोचूला सहाच्या सुमारास कळलं; शो सातचा. तंबू फाडून टाकतील, ही भीती. पण पोचू जुना माणूस. रिळांची शेपटं सारखी तुटायची, म्हणून त्यानं कुठल्या कुठल्या पिक्चरचे 'समाप्त' वारभर कापून खिशात ठेवलेलेच असत. त्यातला एक चिकटवला. लोक घरी गेले, तंबू वाचला.

तिन्ही दिवस तळं आणि होडीच चालली. सावलीनं त्याचाही अर्थ लावला.

पहिल्या शोच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच देवरावच्या हॉटेलात कोर्ट भरलं. हवालदार बशीत चहा ओतत म्हणाले, "आपन तं त्याले इंटरवलच्या आंधीच वळखलो. तो डबा खाते ना, तवा त्याची मान पाहा. घास इकडं, नजर तिकडं. असा माणूस गुन्हेगारच असते. वीस वर्षं झाले आपल्याले डिपारमेंटमंधी."

"पर ती होडी?" देवराव म्हणाला.

"होडी म्हंजे त्याचा प्लान ना बे! होडीनं पलून जाणार होता. हुकला. म्हून होडी खाली दाखवली. डायरेक्टर हुशार असते, सारं तोंडानं नाई सांगत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. होडी रिकामी का, हे कळल्याचं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर.

मिलवाले सेठ म्हणाले, "अपना तो एकही बात है भाऊ. जिसकी पगार छोटी, उसका इमान छोटा. बड़ा आदमी चोरी कायको करेगा? उसके पास तो हैही."

"आनि घरचा भेदी म्हून म्हन हायेच ना," कुणीतरी म्हणालं.

मग सगळ्यांनी एकदम रस्त्यापलीकडे पाहिलं. सोमाजी बँकेपुढं सडा टाकत होता.

"काय डाकू!" देवराव ओरडला. "चहा पिता काय? का होडी पकडाची हाये?"

सोमाजी हसला. पहिल्या दिवशी तो मनापासून हसला. दुसऱ्या दिवशी तोंडानं हसला. आठवडाभरात बाजारातली पोरंही 'डाकू' म्हणायला लागली, आणि एक म्हातारी पेन्शन उचलून बाहेर पडताना त्याला पाहून पदराची गाठ दुसऱ्या हातात घेऊन गेली. ती त्याला अकरा वर्षं ओळखत होती. दर महिन्याला तिला पायरी उतरताना हात तोच द्यायचा. त्या दिवशी त्यानं हात पुढं केला तो तसाच हवेत राहिला.

त्यानंतरच्या सोमवारी वामनरावसाहेब नवं कुलूप घेऊन आले.

"सोमाजी, जरा ती किल्ली द्या बघू. नाही, तसं काही नाही. सुरक्षेचा भाग आहे. आता हे कॅशियरसाहेब उघडत जातील."

"पर साहेब, ते नवाले येते. मी सातले येतो. झाडाचं, पानी भराचं..."

"मग बाहेर थांबा थोडं. आणि हे पहा, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण लोक बोलतात. पब्लिक ओपिनियन म्हणून एक गोष्ट असते."

सोमाजीला करदोड्याची गाठ सुटेना. अकरा वर्षांची गाठ ती. साहेब घड्याळ पाहत उभे. शेवटी देवरावच्या हॉटेलातून सुरी आणून करदोडाच कापला. देवरावनं सुरी आधी फडक्यानं पुसून दिली, आणि तेच सोमाजीला जास्त लागलं.

"साहेब, तो कागद..."

"बघू. महिना आहे अजून."

'तुम्ही म्हणजे ह्या शाखेचा दरवाजा'पासून 'बघू'पर्यंत यायला साहेबांना एक पिक्चर लागला होता.

मार्चच्या मध्यावर पोंभुर्ण्याच्या गाडीचा कंडक्टर देवरावकडे भजी खात म्हणाला, "तुमच्या इथी तळ्यावरच सरला? अबे, तिथी तं बेड्या घातल्यावर अर्धा घंटा चालून राह्यला! मी गाडीत झोपलो होतो, तंबू जवळच. गोळ्यांचे आवाज, रडारड, टाळ्या. लोकायनं मांगला म्हून पुन्यांदा लागला, उद्या-परवा अखेरचे शो हायेत." शेवटी काय होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

बातमी बँकेत पाच मिनिटांत पोचली. पोचू कधीच तंबू गुंडाळून निघून गेला होता. आणि पोंभुर्ण्यात सोमाजीची मुलगी सीता दिलेली.

वामनरावसाहेबांनी त्याला आत बोलावलं. आता यात त्यांनाही मजा वाटायला लागली होती. "शनिवारी जा, सोमाजी. बघून या. हवालदारसाहेब म्हणतात वॉचमनच, मी म्हणतो त्याला एक संधी देऊ. काय? तो निर्दोष निघाला तर सोमवारी तुमचा कागद टपालात. सगळ्यांसमोर सांगतो." कॅशियर हसला. सोमाजी हसला नाही. त्यानं दोन दिवसांची रजा लिहून घेतली.

शनिवारी तो बायनाबाईबरोबर पोंभुर्ण्याच्या तंबूत जमिनीवर बसला. यावेळी कनात उचलायची नव्हती. समोर कुठलीच बँक नव्हती. बेड्या पडल्या, वॉचमन ओरडला. आणि पिक्चर पुढं चालला.

वॉचमनची बायको कोर्टात उभी राहते. पदर पसरत नाही, रडत नाही; म्हणते, मेरे आदमी को मैं जानती हूँ. मग एक तरुण इन्स्पेक्टर मागे लागतो, गोळ्या चालतात, आणि शेवटी तिजोरीच्या खोलीत उभा असलेला माणूस वळतो, दिवा लागतो. तो बँकेचा मॅनेजर. सुटाबुटातला, चष्म्यातला, मऊ बोलणारा. गड्डी त्यानंच झोपडीत टाकलेली. आणि इन्स्पेक्टर भर बँकेत, सगळ्यांच्या देखत, वॉचमनला कडक सलाम ठोकतो.

पोंभुर्ण्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायनाबाईनं डोळे पुसले. सोमाजी उभा राहिला आणि त्यानं, कुणी पाहत नाही असं समजून, उलटा सलाम केला. सीतानं पाहिलं. ती घरी येईपर्यंत हसत होती. त्या दिवशी सोमाजी दोन भाकरी जास्त जेवला आणि जावयाला सगळा पिक्चर पुन्हा सांगितला, गोळ्यांच्या आवाजांसकट.

रविवारी एसटीत मूलपर्यंत तो असाच फुललेला होता. मूलला गाडी थांबली, त्यानं दोन केळी घेतली, एक सोललं, आणि हात तसाच राहिला.

"काय झालं जी?"

"मी म्हनन, वॉचमन नोहता. ते म्हनतीन, मंग कोन?"

बायनाबाईला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. "मॅनेजर, म्हना. पिच्चरातला मॅनेजर. तुमी थोडीच बनवला?"

"वॉचमन तरी मी कुठी बनवला होता?"

"मंग दुसऱ्या कोनाचं नाव सांगा. कॅशियर म्हना."

"आता किल्ली त्याच्याजवर हाये. त्याची बायको बाळंतीन हाये. त्याचंबी असंच होईन ना."

"मंग हवालदार म्हना."

सोमाजीनं घाईनं मागच्या सीटवर कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहून घेतलं.

"खरं तेच सांगा," बायनाबाई म्हणाली. "साहेबानं जबान देल्ली हाये. चार लोकांसमोर देल्ली."

सोमवारी अकराला बँकेत पैसे काढणाऱ्यांपेक्षा पिक्चरचा शेवट ऐकणारे जास्त होते. देवराव हॉटेल उघडं टाकून आलेला. हवालदार बाकावर. सेठ काउंटरला टेकून. कॅशियर जाळीआड. वामनरावसाहेब आपल्या खोलीच्या दारात, हातात पेन. टेबलावर तो कागद त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला होता. सोमाजीला तो दिसत होता.

"हं, बोला सोमाजी. लागला का निकाल?"

सोमाजीनं काखेतली बॅटरी दुसऱ्या काखेत घेतली. "साहेब... वॉचमन नोहता जी."

"अरे वा!"

"इमानदार होता. बेड्या काहाडल्या त्याच्या. सलाम केला इन्सपेक्टरनं."

देवरावनं टाळी वाजवली. "म्या म्हनलोच होतो!" तो कधीच म्हणाला नव्हता.

"मंग कोन होता?" हवालदारांनी विचारलं. त्यांची वीस वर्षं पणाला लागली होती. "पोलिसवाला तं नसनच. तसं असतं तं सरकारनं पिच्चरच पास नसता केला."

"कॅशियर होता काय?" कुणीतरी मागून म्हणालं. जाळीआड कॅशियरचं नोटा मोजणं थांबलं. "ए, मस्करी नको," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"कोई सेठ-वेठ तो नहीं था ना?" सेठ हसत म्हणाले, पण टेकलेले होते ते सरळ झाले. "आजकल पिक्चर में सेठ को ही बदनाम करते."

एकेकानं स्वतःला सोडवून घेतलं. मग सगळे सोमाजीकडे पाहू लागले. वामनरावसाहेब दारात हसत उभे. चष्मा पुसत म्हणाले, "अहो सांगा की. एवढं काय त्यात?"

पिक्चरमधला मॅनेजरही असाच चष्मा पुसायचा. ते आता सोमाजीशिवाय त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं कागदाकडे पाहिलं. पेनाकडे पाहिलं. तोंड उघडलं, 'म' ओठांवर आला, आणि तिथंच मिटला.

"मी..." तो म्हणाला. "मी गंमत केली जी साहेब. होता वॉचमनच."

"वॉचमनच?"

"हो जी. त्यानंच केलं सारं. अखेरीले कबूल होते. फाशी होते त्याले."

फाशी त्यानं आपल्या मनची घातली. एवढं केल्याशिवाय कुणाचं समाधान होणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

एका क्षणात बँक पुन्हा मोकळी हसती झाली. कॅशियर नोटा मोजायला लागला. सेठ पुन्हा टेकले. हवालदार उठून उभेच राहिले : "काय म्हनलो होतो आपन? मानीवरून वळखलो!" देवरावनं सोमाजीच्या पाठीत थाप मारली, "डाकू तो डाकूच ना बे शेवटी!"

वामनरावसाहेबांनी चष्मा लावला. सोमाजीकडे थोडं वेगळ्या नजरेनं पाहिलं. "वा, सोमाजी. आम्हाला वाटलं, तुम्ही आपल्या बाजूचं सांगाल. पण खरं बोललात." आणि खोलीत जाऊन त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या. शिपायानं त्या नंतर सोमाजीला वाचून दाखवल्या. त्यात 'प्रामाणिक' हा शब्द दोनदा होता. कागद त्याच दिवशी टपालात पडला, आणि जूनपासून सोमाजी पक्का झाला.

किल्ली परत मिळाली नाही. मागितलीही नाही. ज्यानं स्वतःच्या तोंडानं वॉचमनला फाशी दिली, तो किल्ली कुठल्या तोंडानं मागणार?

बायनाबाईनं बोअरिंगवर पाणी भरताना दोन-तीनदा सांगून पाहिलं, की वॉचमन नव्हता, मॅनेजर होता, आपण डोळ्यांनी पाहून आलो. बायका हसल्या. "काहीतरीच वं बाई! तुया नवराच तं सांगते, वॉचमन होता म्हून. तुले जास्त कळते काय?" तेव्हापासून तिनं सांगायचं सोडलं.

पहिला पक्का पगार आला त्या दिवशी सोमाजीनं तिच्यासाठी लुगडं आणलं. तिनं घडी मोडली नाही, पेटीत ठेवलं. त्याला वाढलं. तो जेवत होता, ती चुलीपुढं बसून होती.

"त्या पिच्चरातल्या बाईचं बरं होतं," ती म्हणाली. "नवऱ्यानं तिले खोटं तं नाई पाडलं."

सोमाजीनं घास तोंडात घातला. आमटीत मीठ नव्हतं. त्यानं मागितलं नाही.